काम नसल्याचा पुरावा: बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

नोकरी नसल्याचा दाखला देणारे कार्यालय आपल्याकडे कधीच नव्हते. जुन्या पिढीला त्यातल्या त्यात ठाऊक होते ते एम्प्लॉयमेंटचे, म्हणजे सरकारी रोजगार नोंदणी कार्यालयाचे, कार्ड. रिकाम्या जागा कळवणे १९५९ च्या कायद्याने बंधनकारक झाल्यावर या नोंदणीला वजन आले. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झाली की नाव घालायचे आणि दर तीन वर्षांनी कार्डाचे नूतनीकरण करायचे. मात्र अमुक तारखेला माणसाने नाव नोंदवले, एवढेच ते कार्ड सांगत असे. मधल्या काळात तो रिकामा होता की कुठे राबत होता, याची नोंद त्यात नसे.

गावांकडे पुरावा आला तो कामाच्या मागणीतून. सीमेपलीकडे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. बेळगाव जिल्ह्यात असा कायदेशीर हक्क यायला २००७ उजाडले, कारण केंद्राच्या कायद्यात हा जिल्हा दुसऱ्या टप्प्यात होता. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता, पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान अर्धा. सगळे अडले ते पोचपावतीवर. तोंडी मागणी केली किंवा पावतीवर तारीखच घातलेली नसली, तर १५ दिवस मोजायचे कुठून? हक्क कागदावर राहण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या कामगारांचा मार्ग ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा. कारखाना बंद पडणे, कपात किंवा कायमचे अपंगत्व यांसाठीचा भत्ता २००५ मध्ये आला, तर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना लागू झाली. तिच्यात आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत. कोविडच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले आणि दाव्याआधीची वाट ९० दिवसांवरून ३० वर आली. मदत मात्र जास्तीत जास्त ९० दिवसांची. बेरोजगारीपूर्वी दोन वर्षे विमायोग्य नोकरी हवी आणि लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही ७८ दिवस लागतात. कंत्राटदार बदलत राहिला की घोळ इथेच होतो. शून्य हजेरीच्या महिन्यात मालक ऑनलाइन कारण निवडतो. ‘नोकरी सोडली’ आणि शेवटचा दिवस असे भरले तर बेरोजगारीची तारीख पक्की होते, ‘रजेवर’ असे भरले तर कामगार कागदोपत्री नोकरीतच राहतो. म्हणून काम सुटल्यावर पहिल्याच महिन्यात आपल्या नावापुढे काय भरले आहे ते ऑनलाइन पाहून घ्यावे.

कर्नाटक सरकारच्या युवानिधी या बेरोजगार भत्त्याच्या योजनेने पुराव्याचा भार पुरता अर्जदारावर टाकला. नोंदणी २६ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, पहिले पैसे १२ जानेवारी २०२४ ला जमा झाले. पदवीधराला महिना ३,००० रुपये, डिप्लोमावाल्याला १,५००, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे. सुरुवात २०२३ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांपासून झाली आणि नंतरच्या तुकड्या पुढे जोडल्या गेल्या. उत्तीर्ण झाल्यापासून १८० दिवस काम मिळालेले नसावे. पुढे शिकणारा, स्टायपेंडवर अप्रेंटिसशिप करणारा आणि सरकारी योजनेच्या कर्जावर धंदा काढलेला बाद.

सीमाभागात खरा वाद आहे तो रहिवासाच्या अटीचा. रहिवासी कोण, हे ठरवताना पदवी किंवा डिप्लोमापर्यंतचे किमान सहा वर्षांचे शिक्षण कर्नाटकात झालेले असावे, असा नियम केला गेला. बेंगळुरूत बसून पाहिले तर तो सरळ वाटतो. पण निपाणी, संकेश्वर किंवा बेळगावच्या पश्चिमेकडची पोरे मराठी शाळा-कॉलेजासाठी गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर गाठतात. दहावीपर्यंत इथे शिकून पलीकडे गेलेल्याची वर्षे भरतात. पाचवीपासूनच पलीकडे गेलेल्या मुलीची चारच भरतात, मग तिचे घर, शेत, रेशन कार्ड सगळे इकडचे का असेना. उलट बाजूने, चंदगडच्या ज्या मुलाने बेळगावात पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन आणि इंजिनिअरिंगची चार वर्षे काढली, तो हिशेबात बसतो. तोच बीए झाला असता तर पाचच वर्षे भरली असती. राहण्याचे माप शिक्षणाने घेण्याचा हा निर्णय सीमेवर चुकीचा ठरतो, हे स्पष्ट सांगायला हवे. महाराष्ट्राच्या नोकरभरतीत याच सीमाभागातल्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवाराकडे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. एकाच घराला दोन राज्ये दोन मापे लावतात आणि एकाचा कागद दुसरीकडे उपयोगी पडत नाही.

एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर दहावीचे एकच वर्ष दिसते. त्यामुळे वर्षांची विचारणा झाली तर पाचवी ते दहावी एकाच शाळेत शिकलेल्याने मुख्याध्यापकांकडून स्टडी सर्टिफिकेट घेऊन ठेवावे. सहा वर्षे एकाच कागदात येतात. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचे वेगळे घ्यावे.

नावांचा घोळ वेगळाच. मार्क्स कार्डावर आडनावाऐवजी नुसते आद्याक्षर असते आणि आधारवर पूर्ण मराठी नाव. विद्यापीठाने ऑनलाइन चढवलेली पदवी आधारच्या नावाशी जुळली नाही की अर्ज अडकतो. त्यामुळे आधी आधार दुरुस्त करायचे आणि मगच सेवा सिंधू या अर्जाच्या सरकारी पोर्टलवर जायचे.

अर्ज मंजूर झाला तरी पुरावा संपत नाही. मी नोकरीत नाही, धंदा करत नाही, पुढे शिकत नाही, असे स्वयंघोषणापत्र सुरुवातीला दर महिन्याच्या २५ तारखेच्या आत ऑनलाइन द्यावे लागे. नंतर ते तिमाही झाले. ते चुकले की पैसे थांबतात. घोषणा वेळेवर देऊनही पैसे दिसत नसतील तर आधी आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते पाहावे. रक्कम आधारला शेवटच्या जोडलेल्या खात्यात जाते, आणि कोल्हापुरात शिकताना उघडलेले खाते पुष्कळांच्या लक्षातच नसते.