लोकप्रतिनिधींचे कामकाज व खर्च यांची पडताळणी

खासदार-आमदाराने सभागृहात काय केले, वेतन-भत्ते किती घेतले, निवडणुकीत किती खर्च दाखवला आणि स्थानिक विकास निधी कुठे लावला, हे सरकारी कागदांवरून ताडून पाहण्याची पद्धत. कागद एका जागी नसतात. सभागृहातील नोंदी संसद वा विधिमंडळ सचिवालयाकडे, निवडणूक खर्चाचे हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे (म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे) आणि निधीच्या नस्त्या जिल्हा नियोजन कार्यालयात असतात. नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत. शहरातील सहा नागपूर लोकसभेत येतात. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी व रामटेक हे सहा रामटेक लोकसभेत. हिंगणा शहराला लागून असला तरी खासदार वेगळा, हे अर्ज करताना अनेकदा विसरले जाते.

सभागृहातील नोंदी : उपस्थितीची टक्केवारी सर्वाधिक उद्धृत होते, पण तिच्यावरून कळते फार थोडे. खासदाराला दैनिक भत्ता हवा असेल तर नोंदवहीत सही करावी लागते. सही करून तो सभागृहात किती वेळ बसला, याची नोंद त्या वहीत नसते. मंत्री, अध्यक्ष व विरोधी पक्षनेते यांना सही करावी लागत नाही. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरे देतात. त्यामुळे नितीन गडकरी २०१४ पासून नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री असताना तुलनात्मक तक्त्यांत त्यांच्या नावापुढे उपस्थिती व प्रश्नांचे रकाने रिकामे दिसतात. या रिकामेपणाला शून्य समजून सरासरी काढणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक होय. मंत्र्याची पडताळणी त्याच्या खात्याने दिलेली उत्तरे, सभागृहात दिलेली आश्वासने आणि खात्याच्या अनुदान मागण्या यांवरून करावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लोकसभेत आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते.

प्रश्नांची संख्याही सावधपणे घ्यावी लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. अतारांकित प्रश्नांची मर्यादा २३० असून त्यांची उत्तरे लेखीच मिळतात. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र जोडले जातात. महाराष्ट्र विधानसभेत तर एका तारांकित प्रश्नाखाली सदस्यांच्या नावांची लांबलचक रांग असते आणि प्रत्येक जण तो आपल्या खात्यात मोजतो. लक्षवेधी सूचना (तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी; विधानसभा नियम १०५) मोजताना दिलेल्या, स्वीकृत झालेल्या आणि प्रत्यक्ष चर्चेला आलेल्या असे तीन आकडे वेगळे ठेवावेत; पत्रकात बहुधा पहिलाच येतो. कार्यवाहीची सुरुवातीची प्रत असुधारित असते. तिच्यातून उद्धृत करण्याआधी सुधारित प्रत पाहावी, कारण कामकाजातून वगळलेले शब्द अंतिम वृत्तांतात सापडत नाहीत.

नागपुरातील अधिवेशनाचा आधार २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, म्हणजे विदर्भ संयुक्त मराठी राज्यात येण्याबाबत नेत्यांत झालेला करार. दर वर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे, असे तो सांगतो. ते सहा आठवडे चालावे, हे जे वारंवार म्हटले जाते त्याला कराराच्या मजकुरात आधार दिसत नाही. ‘निश्चित कालावधी’ हा मोघम उल्लेख आहे तो शासन नागपुरास हलवण्याबाबत. २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात झाले नाही. त्या दोन वर्षांत नागपूर अधिवेशनातील कामगिरी शोधू नये.

स्थानिक विकास निधी : उगमाविषयी एकमत नाही. केंद्राच्या खासदार निधीची घोषणा २३ डिसेंबर १९९३ रोजी झाली, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्रातील आमदार निधीची सुरुवात मात्र साधारणतः १९८४–८५ अशी सांगितली जाते आणि त्यावरून केंद्राची योजना राज्याच्या धर्तीवर बेतली असे प्रतिपादन होते. कालक्रम त्याला अनुकूल आहे. पण आधी झाले म्हणून त्यावरूनच घेतले, एवढा निष्कर्ष त्यातून निघत नाही. केंद्राच्या योजनेच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयाने भीम सिंग प्रकरणात ६ मे २०१० रोजी निकाली काढला व योजना घटनासंमत ठरवली. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने (२००२) ती बंद करण्याची शिफारस केली होती. १९९३–९४ मध्ये प्रति खासदार ५ लाख रु., पुढील वर्षी १ कोटी, १९९८–९९ पासून २ कोटी आणि २०११–१२ पासून ५ कोटी, असा निधी वाढत गेला. एप्रिल २०२० मध्ये योजना स्थगित झाली व नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

खासदार फक्त शिफारस करतो; रक्कम त्याच्या हाती येत नाही. शिफारसपत्र, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र अशी साखळी असते. अहवालात शिफारस केलेली रक्कम ‘खर्च’ म्हणून छापली गेली की आकडा फुगतो. उपलब्ध निधीवर पूर्वी व्याज जमा होत असल्याने जुन्या आकड्यांत खर्चाची टक्केवारी शंभराच्या वरही दिसते. लोकसभा सदस्याचा अखर्चित निधी त्याच मतदारसंघातील उत्तराधिकाऱ्याकडे जातो. नव्या खासदाराच्या पहिल्या वर्षाचा खर्च वाचताना हे वजा करावे लागते. नागपुरात मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग व जिल्हा परिषद या सर्व यंत्रणा कामे करतात. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन निधींतून झाले असतील तर फलकांवरून काहीच कळत नाही. कामाचा सांकेतांक व मोजमाप पुस्तिकेतील साखळी-अंतर (रस्त्याच्या आरंभापासून मोजलेले अंतर) जुळवून पाहावे.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या कार्यालयाकडे असेल तर तो एका विषयावर व १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रु., प्रतीचे पानाला २ रु. ‘खासदार निधीची सर्व माहिती’ असा अर्ज हमखास परत येतो. वर्ष, यंत्रणा आणि प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक लिहावा.

निवडणूक खर्च व वेतन : निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने हिशेब सादर करायचा असतो, मर्यादा २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख व विधानसभेसाठी ४० लाख रु. नोंदवहीत पांढरी पाने दैनंदिन खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एक रुपया शुल्क भरून कोणालाही हा हिशेब पाहता येतो. तो निरीक्षण पथकाच्या छाया नोंदवहीशी (उमेदवाराच्या खर्चाची पथकाने स्वतंत्रपणे ठेवलेली नोंद) ताडला नाही तर पाहण्यात अर्थ थोडा. पक्षाचा सर्वसाधारण प्रचारखर्च आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या नावे पडत नसल्याने एकूण रक्कम बहुधा मर्यादेच्या बरीच आत राहते. खासदाराचे मासिक वेतन १ एप्रिल २०२३ पासून १,२४,००० रु. असून दैनिक भत्ता २,५०० रु. आहे.

नगरसेवक : यांच्याविषयी साधने तुटपुंजी आहेत. महासभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक व अनुमोदक सापडतात, उपस्थितीचा तक्ता क्वचितच. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले; त्यानंतरच्या प्रशासकीय काळात नगरसेवकांची नोंद मिळत नाही, ठराव प्रशासकाच्या सहीने आहेत. त्याआधीची इतिवृत्ते निगम सचिव कार्यालयात मागावी लागतात.