शेवरी, हादगा, सुबाभूळ: पाल्याची वैरण आली कुठून

झाडाचा पाला म्हणलं की आमच्याकडं आधी शेरडं आठवतात. आजोबांची लांब काठीला विळा बांधलेली आकडी होती, तिनं बोरीचे-बाभळीचे डहाळे खाली ओढायचे अन् शेळ्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून ओरबाडायच्या. उस्मानाबादी शेळी अशाच डहाळ्यांवर पोसलेली. गाई-म्हशीला मात्र कडबाच, पाला म्हणजे दुष्काळातली नाइलाजाची वैरण.

तसं शेवरी, हादगा जुनेच. पानमळ्यात वेलीला आधार अन् सावलीला लावायचे, छाटलेला पाला गोठ्यात यायचा. प्रोटीन हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण दुधातला फरक कळायचा.

सुबाभूळ पाहुणी. मूळ मेक्सिकोची, तिथून स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला गेली अन् पुढं पसरली. हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी उंच वाढणारे, भरपूर पाल्याचे वाण निवडले, त्यातलं के-8 सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेनं आपल्याकडं गावोगावी नेलं. 72 च्या दुष्काळानंतरचा तो काळ, चाऱ्याचं झाड म्हणल्यावर कोण नाही म्हणणार.

आता यातलं गणित बघा. सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात 20-25 टक्के प्रोटीन, ज्वारीच्या कडब्यात जेमतेम 3-4. कोटीपोटातल्या, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना प्रोटीनमधला नायट्रोजन मिळाला नाही की ते उपाशी, मग कडबा पचत नाही अन् जनावर दावणीत तोंड घालून तसंच उभं राहतं. थोडा पाला मिसळला तर तोच कडबा अंगी लागतो. म्हणजे पाला ही कडब्याच्या जोडीची वस्तू, कडब्याच्या बदल्यातली नाही, अन् इथंच आपली चूक होते (आमची तर झालीच).

एका उन्हाळ्यात आम्ही वगारीला नुसती सुबाभूळच टाकली, महिन्याभरात शेपटीचा गोंडा गळाला. कारण पाल्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य. ऑस्ट्रेलियात जनावरांना हाच त्रास, पण हवाईतल्या शेळ्या मजेत खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं त्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले अन् विषबाधा थांबली. त्या जिवाणूला 1992 मध्ये सिनर्जिस्टेस जोनेसी नाव मिळालं, जोन्सच्याच नावावरून. आपल्याकडं साधा नियम, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

पुढं ऐंशीच्या दशकात सुबाभळीवर सायला ही कीड आली, मोसंबीवर येते तिचीच भाऊबंद, कोवळा शेंडाच चोखायची. त्यात बी पडून बांधभर रोपं, उपटता उपटता जीव जायचा, मग लोकांचा उत्साह ओसरला अन् शेवगा-गिरिपुष्प या पाल्याच्या दुसऱ्या झाडांची चर्चा सुरू झाली.

2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात चारा छावण्यांत ऊस अन् वाडं (उसाचे शेंडे) होतं, पोट भरायचं पण प्रोटीन नावालाच. आमच्या बांधावर सुबाभूळ उभी होती, शेरडांनी तोंड पोचेल तिथवर साल सोललेली, अन् वरचा पाला काढायला आकडी कुणाकडंच नव्हती.