भिंतीची झीज: शब्द एक, हिशोब दोन

सातपूर-अंबडच्या शॉपफ्लोअरवर सोनेरी कोटिंगचे ड्रिल न हाताळलेला माणूस विरळाच. तसला थर चढवण्याची एक पद्धत म्हणजे स्पटरिंग: आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून धातूचे अणू उडवायचे आणि ते हव्या त्या पृष्ठभागावर बसवायचे. टोकामॅक म्हणजे अतितप्त वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडून अणुसंलयन घडवू पाहणारे यंत्र. त्याच्या भिंतीवर हीच क्रिया नको असताना घडते. या क्रियेची नोंद १८५२ची, सिद्धांत १९६९चा, आणि एकेका आयनाचा मागोवा घेणारे संगणकी प्रोग्रॅम १९८०च्या दशकातले. तेव्हा शंका एकाच आकड्याबद्दल असे: एका आयनामागे किती अणू उडतात?

खरी अडचण 'झीज' या शब्दात आहे. मराठीत कोणी क्षरण म्हणतो, कोणी धूप. धूप म्हटले की माती गेली ती गेलीच. भिंतीचे तसे नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येतो तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले ते सगळे नाशिक बघते. पण पूर ओसरल्यावर घाटाच्या एखाद्या पायरीवर चार बोटे गाळ दिसला, तर पाण्याने तिथून किती नेले आणि किती आणून टाकले, हे त्या गाळावरून कळत नाही. कळते ती फक्त वजाबाकी.

टंगस्टनचा अणू भिंतीवरून सुटला की बहुधा लगेच त्याचे आयन होते आणि चुंबकीय क्षेत्रात पहिलाच फेरा पुरा व्हायच्या आत तो शेजारीच परत आदळतो. सुटलेले सगळे अणू मोजले तर ती एकूण झीज, परतलेले वजा केले तर निव्वळ. समजा, १०० पैकी ९५ परतले, तर निव्वळ झीज ५. ९८ परतले, तर २. परतीच्या अंदाजात तीन टक्क्यांची चूक, आणि भिंतीच्या टाइलचे आयुष्य अडीच पट इकडेतिकडे! त्यात सुटलेल्या अणूंच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून मोजतात ती एकूण झीज, आणि प्रयोगांची मोहीम संपल्यावर टाइल काढून मोजतात ती कित्येक महिन्यांची निव्वळ. मॉडेल यातल्या कशाशी ताडून पाहिले, हे न सांगता दिलेला आकडा माझ्या मते अर्धवट आहे, मग त्यापुढे दशांश चिन्हानंतर कितीही अंक असोत.

हा धडा महाग पडला तो कार्बनच्या काळात. कार्बन वितळत नाही, म्हणून तो आवडता होता. पण इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकमध्ये १९९७ साली ट्रिटियम (किरणोत्सारी जड हायड्रोजन, संलयनाचे इंधन) वापरले तेव्हा ते झिजून पुन्हा बसलेल्या कार्बनच्या थरांत अपेक्षेपेक्षा जास्त अडकून पडले, तेही डायव्हर्टरच्या, म्हणजे उष्णता आणि वापरलेला वायू बाहेर काढणाऱ्या भागाच्या, थंड, आडोशाच्या कोपऱ्यांत. २०११ मध्ये तिथे बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर आला आणि अडकणारे इंधन दहा पटींहून अधिक घटले.

बेरिलियमच्या गणितात मात्र एक चांगली सवय लागली. एक हिशोब भिंत शुद्ध बेरिलियमची धरून, दुसरा पृष्ठभागात निम्मे ड्युटेरियम (जड हायड्रोजन, हेही इंधनच) मुरले आहे असे धरून. पहिल्यात झीज जास्त, दुसऱ्यात कमी. उत्तर म्हणून दोन्ही टोके मांडायची. अनिश्चितता उघडपणे मांडण्याची ही रीत मला मोलाची वाटते.

फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्पाने २०२३ मध्ये पहिल्या भिंतीसाठीही बेरिलियम सोडून टंगस्टन घ्यायचे जाहीर केले. विषारी बेरिलियम गेले आणि भिंतीची झीजही कमी होणार, हे खरेच. ड्युटेरियमच्या आयनाला टंगस्टन उडवायला सुमारे २०० इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. पण टंगस्टनचे थोडेसे अणू गाभ्यात शिरले तरी प्लाझ्मा थंडावतो, म्हणून भिंतीवर बोरॉनचा पातळ थर द्यायचे ठरले आहे. हा थरही झिजणार, वाहणार आणि ट्रिटियम सोबत घेऊन कुठेतरी साठणार. यंत्रात ट्रिटियम साठण्याची मर्यादा ७०० ग्रॅम धरली होती. त्यामुळे आता एकूण आणि निव्वळ झिजेचे तेच दोन हिशोब बोरॉनसाठी नव्याने मांडावे लागत आहेत.