चकती गोल का येत नाही? छोट्या मिलिंग मशीनचं घरगुती सीएनसी

फिरत्या कटरखाली टेबल सरकवून धातू कापणाऱ्या छोट्या मिलिंग मशीनची हातचाकं काढली, तिथे मोटरी बसवल्या आणि संगणक जोडला, म्हणजे त्याचं सीएनसी केलं, की मशीन आपोआप अचूक होतं, असा समज फार पसरलेला आहे. बऱ्याचदा उलटंच घडतं. हाताने ०.०२ मिमीपर्यंत काम देणारं मशीन मोटरी लागल्यावर ०.२ मिमीने चुकायला लागतं आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. मशीन तेच असतं, फक्त ते सांभाळून घेणारा हात बाजूला झालेला असतो.

टेबल सरकवणारा स्क्रू आणि त्याचा नट यांच्या आट्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर स्क्रू जाम होईल. त्यामुळे चाक उलट फिरवलं की आधी ही फट भरते आणि मगच टेबल हलतं. हाच बॅकलॅश. वापरलेल्या छोट्या मशीनमध्ये तो ०.१ ते ०.३ मिमी सहज सापडतो. मुरलेला कारागीर मापावर नेहमी एकाच बाजूने येतो. चुकून पुढे गेला तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा त्याच बाजूने येतो, आणि जो अक्ष (टेबल सरकण्याची दिशा) चालवायचा नाही तो आवळून ठेवतो. बॅकलॅश असा रोज झाकला जातो. मोटरला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता एक चकती कापून पाहू. व्यास ४० मिमी, कटर १० मिमी, म्हणजे कटरच्या केंद्राने २५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आहे. दोन्ही अक्षांना (एक्स डावा-उजवा, वाय पुढे-मागे) ०.२ मिमी बॅकलॅश आहे आणि घर्षणामुळे टेबल स्वतःहून हलत नाही असं धरू. वर्तुळाच्या अगदी उजव्या टोकाला एक्स अक्षाची दिशा उलटते. मोटर मागे फिरू लागते, पण पहिले ०.२ मिमी फट भरण्यात जातात आणि तेवढा वेळ एक्स जागचा हलत नाही. वाय मात्र चालूच असतो. टोकाजवळ वर्तुळ जवळजवळ उभंच असतं, म्हणून एक्समधले हे इवलेसे ०.२ मिमी संपेपर्यंत वाय सुमारे ३.२ मिमी पुढे गेलेला असतो. चकतीच्या कडेवर तेवढा सरळ तुकडा तयार होतो. असे चार तुकडे, चार टोकांना. बोट फिरवलं तरी लागतात. कॅलिपरने मोजलं तर एक्स आणि वाय दिशेत ३९.८ मिमी येतात, पण दोन्ही तिरप्या दिशांना बरोबर ४०, कारण तिथे दोन अक्षांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय आहे. लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश लिहून ठेवता येतो, मग दिशा उलटली की मोटर तेवढी जास्त फिरवली जाते. जीआरबीएल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ आवृत्तीत ही सोय नाही. पण ही भरपाई टेबल स्थिर राहतं या गृहीतावर उभी आहे आणि क्लाइंब मिलिंगमध्ये ते गृहीतच कोसळतं. तिथे कटरचा दात धातूला सरकण्याच्याच दिशेने ओढतो. समजा प्रत्येक दाताला ०.०५ मिमी जाडीची चिप काढायची आहे. दात धातूत रुतला की टेबलालाच खेचतो आणि फट संपेपर्यंत टेबल ०.२ मिमी उडी मारतं. ठरल्यापेक्षा चौपट अधिकचा घास एकाच दाताला येतो. ६ मिमीचा कार्बाइड कटर तिथेच तुटतो. ही फट लोखंडातूनच काढावी लागते.

त्यासाठी बॉलस्क्रू. साध्या स्क्रूमध्ये आटे आट्यांवर घासतात, इथे मध्ये स्टीलचे छर्रे लोळतात. खाच साधी अर्धगोल नसून टोकदार कमानीसारखी असते, त्यामुळे मोजून थोडा मोठा छर्रा घातला की तो चार ठिकाणी टेकतो आणि दोन्ही दिशांची फट एकदमच नाहीशी होते. मोठा म्हणजे काही मायक्रॉननेच. घासण्याऐवजी लोळण असल्याने कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. साध्या स्क्रूची त्याच्या निम्म्यानेही नसते. याची दुसरी बाजू वर-खाली चालणाऱ्या झेड अक्षाला दिसते: साधा स्क्रू वजन अडवून धरतो, बॉलस्क्रू धरत नाही. वीज गेली की स्पिंडलसकट (कटर फिरवणाऱ्या दांड्यासकट) डोकं खाली घसरतं, म्हणून तिथे ब्रेकवाली मोटर किंवा गॅस स्प्रिंग हवी.

स्वस्तात मिळणारा नेहमीचा प्रकार १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी चाल. सी-७ या अचूकतेच्या प्रतीत ३०० मिमी लांबीला ०.०५ मिमीपर्यंतची चूक धरून चालावं. नट स्क्रूवरून नुसता ओढून काढू नये. छर्रे सांडतात आणि त्यांच्या जागी खालच्या मापाचे गेले तर प्रीलोड, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांनी आलेला आवळपणा, गेला. चांगला बॉलस्क्रू बसवूनही बॅकलॅश राहिला तर टोकाच्या बेअरिंगकडे पाहावं. मोटरकडच्या बाजूला स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब झेलणाऱ्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची समोरासमोर आवळलेली जोडी लागते. तिथे साधं बेअरिंग घातलं तर नटातून काढलेली फट बेअरिंगमधून परत येते. मोटर माउंट आणि नटाचे ब्रॅकेट मशीन उघडण्याआधीच त्याच मशीनवर कापून ठेवावेत. नंतर कापायला मशीनच उरत नाही. सॅडलखाली (टेबलाखालच्या सरकत्या भागाखाली) नटाला जागा नसेल तर ओतीव लोखंड खूप पोखरण्यापेक्षा १२ मिमीचा स्क्रू घेतलेला बरा.

मोटरींबद्दल थोडक्यात. १९५२ साली एमआयटीत जे आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, त्यात टेबल कुठे आहे याची खबर मागे येत होती. ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या साध्या स्टेपर मोटरीत ती येत नाही. मोटर अडली तर पावलं हुकतात आणि कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. स्टेपरचं बळ वेग वाढला की घटतं, कारण कॉइलमध्ये प्रवाह चढायला वेळ मिळत नाही. उपाय जास्त व्होल्टेजचा: नेमा २३ मापाच्या मोटरला २४ ऐवजी ३६ व्होल्ट दिल्यास फरक लगेच दिसतो. ड्रायव्हर (मोटरला प्रवाह देणारं सर्किट) चालू असताना मोटरची तार काढू नये, ड्रायव्हर जळतो.

जाहिरातींतल्या '०.००१ मिमी अचूकते'वर विश्वास ठेवू नये. तो आकडा फक्त भागाकाराचा असतो. २०० पावलांची मोटर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करून, चालवली की फेऱ्याला ३२०० पावलं होतात आणि ५ मिमी चालीला एक पाऊल ०.००१६ मिमीचं. पण अशा एका पावलामागे मोटरच्या होल्डिंग टॉर्कचा (जागेवर धरून ठेवण्याच्या बळाचा) सुमारे १० टक्केच जोर असतो. गिबचं (सरकमार्गातली फट आवळणाऱ्या पट्टीचं) घर्षण त्याहून जास्त असेल तर टेबल हलतच नाही, मग काही पावलं साठली की एकदम सरकतं.

८ मायक्रोस्टेपला मिलिमीटरमागे ३२० पावलं येतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा भरायचा असतो. हा आकडा तपासताना डायल गेज एकाच दिशेने चालवावं. दिशा उलटवून १० मिमीला ९.८ दिसलं म्हणून अनेकजण ३२० चे ३२६.५ करतात. मग १०० मिमीची चाल २ मिमीने लांबते.

जोडणी झाली की पुन्हा तीच ४० मिमीची चकती कापावी आणि चार दिशांना मोजावी. दोन्ही तिरपी मापं सारखी आणि दोन्ही सरळ मापं लहान असतील तर बॅकलॅश उरला आहे. एक्स आणि वाय वेगवेगळे येत असतील तर त्यांच्या पावलांचे आकडे आणि दोन्हींतला उरलेला बॅकलॅश पाहावा. दोन तिरप्या मापांत फरक असेल तर एक्स आणि वाय अक्ष काटकोनात नाहीत. हे सरकमार्ग सॅडलमध्येच कापलेले असतात, त्यामुळे ते बोल्ट सैल करून सुटत नाही, सरकमार्ग खरडून (स्क्रेपिंग करून) सुधारावे लागतात.