सीएलएम इंटर्नशिप की अमेरिकॉर्प्स? पैसे दोन्हीकडे मिळतात, पण प्रकार वेगळा

इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरातलं पोरगं बायोलॉजी किंवा एन्व्हायर्न्मेंटल सायन्स करून बाहेर पडलं आणि म्हणालं की मी जंगलात काम करणार, की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, पैसे देतात का? देतात हो. पण "कॉन्झर्व्हेशन इंटर्नशिप" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरतायत आणि लोक सर्रास घोळ करतात.

पहिली सीएलएम, म्हणजे कॉन्झर्व्हेशन अँड लँड मॅनेजमेंट. शिकागो बोटॅनिक गार्डनने २००१ मध्ये सुरू केलेला प्रोग्रॅम, साधारण पाच महिन्यांचा. पोस्टिंग बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) सारख्या सरकारी एजन्सीकडे, आणि बीएलएम म्हणजे नॅशनल पार्कवाले नव्हेत बरं का, ही वेगळी एजन्सी, जवळपास २४.५ कोटी एकर जमीन सांभाळणारी, जिथे गुरंही चरतात आणि तेलाच्या विहिरीही असतात. इथलं काम डोक्याचं जास्त. उदाहरणार्थ 'सीड्स ऑफ सक्सेस'साठी रानटी झाडांचं बी गोळा करायचं: निदान ५० झाडांवरून, किमान १०,००० दाणे, आणि त्या दिवशी तयार असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांच्या वर हात लावायचा नाही. म्हणजे आधी उन्हात उभं राहून झाडं मोजा, नमुन्यादाखल थोडं बी कापून आत दाणा भरलाय की पोचट ते बघा, हिशोब मांडा आणि मग पिशवी उघडा, शिवाय एक फांदी दाबून वाळवून हर्बेरियमला (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला). आग लागून गेलेल्या जमिनीवर चीटग्रास हे बाहेरून आलेलं तण पसरायच्या आत स्थानिक झाडं लावायला हेच बी लागतं.

दुसरी अमेरिकॉर्प्सवाली कॉन्झर्व्हेशन कोअर, म्हणजे अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-कार्यक्रमातून चालणारी निसर्गकामाची तुकडी. कागदावर तुम्ही नोकर नाही, 'मेंबर'. पगाराऐवजी लिव्हिंग अलाउन्स (तुटपुंजा, खरं सांगायचं तर), आणि टर्म पूर्ण केल्यावर एज्युकेशन अवॉर्ड, जो हातात रोख येत नाही, फी किंवा स्टुडंट लोनलाच जातो, सात वर्षांत वापरायचा आणि वर त्यावर टॅक्सही. काम म्हणजे तंबूत राहून पायवाटा बांधणं, पडलेली झाडं कापणं, आणि वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानात, १९६४ च्या कायद्याने मोटरची हत्यारं बंद, मग दोघांनी मिळून ओढायची करवत!

घोळ का होतो तर काही संस्था अमेरिकॉर्प्सच्या जागांनाही इंटर्नशिपच म्हणतात. म्हणून जाहिरातीत 'मेंबर' किंवा 'एज्युकेशन अवॉर्ड' दिसतंय का बघा, दिसलं की ओळखा.

माझं मत विचाराल तर झाडं ओळखता येत असतील तर सीएलएम, आणि कधी रात्रभर बाहेर झोपलाच नसाल तर आधी कोअर. कोअरमधले ६४० तास पब्लिक लँड्स कोअर या सरकारी योजनेखाली मोजले गेले तर फेडरल नोकरीला दोन वर्षं नॉन-कॉम्पिटिटिव्ह (खुल्या स्पर्धेशिवाय) अर्ज करता येतो, हे सामील होण्याआधीच लेखी विचारून घ्या.

आणि ओपीटीवरच्या (स्टुडंट व्हिसावर शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवरच्या) पोरांनो, अमेरिकॉर्प्सचा फॉर्म उघडूच नका, तिथे सिटिझनशिप नाहीतर ग्रीन कार्ड लागतंच.