शब्दगट कोडे

विस्कटून मांडलेल्या सोळा शब्दांतून चार-चार शब्दांचे चार गट लावण्याचे रोजचे कोडे. गटातल्या चारही शब्दांना बांधणारा एक दुवा असतो आणि तो आधी सांगितलेला नसतो. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०२३ मध्ये ‘कनेक्शन्स’ या नावाने हे कोडे सुरू केले. बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या २००८ पासूनच्या प्रश्नमंजूषेत सोळा शब्दांची अशीच एक भिंत असते. ‘कनेक्शन्स’मध्ये गटांना सोप्याकडून अवघडाकडे पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा रंग असतो. चार चुका झाल्या की डाव संपतो. निवडलेल्या चारांपैकी तीन बरोबर असले, तर एकच शब्द चुकल्याचे कळते.

मराठी घरांत खेळला जाणारा नाव-गाव-फळ-फूल हा खेळ याच्या नेमका उलट आहे. तिथे गट ठरलेला असतो, शब्द आठवायचा असतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतला ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हा प्रश्न याला अधिक जवळचा. सातारच्या सैनिक शाळेच्या (१९६१, देशातली पहिली) प्रवेशासाठी तयारी करणाऱ्या मुलांनाही हा सराव असतो. मात्र त्या प्रश्नात शब्दाचे घर एकच असते. या कोड्यात एकेक शब्द दोन-तीन घरांत नांदतो आणि खरी गंमत तिथेच आहे.

सातारा जिल्ह्यापुरते एक कोडे रचून पाहू : वर्षा, वाई, प्रताप, सावित्री, शरद, खटाव, वसंत, कोयना, माण, संतोष, गायत्री, हेमंत, फलटण, भूषण, वेण्णा, शिशिर. पहिल्या नजरेत सगळी माणसेच दिसतात. शरद, हेमंत, शिशिर, प्रताप, संतोष, भूषण, वसंत हे सात पुरुष. सावित्री, गायत्री, वर्षा आणि ओढूनताणून कोयना या चार बायका. म्हणजे गट जमल्यासारखाच वाटतो. हा चकवा आहे. मराठीत तो फार सहज रचता येतो, कारण आपली नावे ऋतू, नद्या आणि गुण यांवरूनच ठेवलेली असतात. गटाला सात जण मिळाले की तो गट नव्हे, आमिष आहे असे समजावे.

सुरुवात करावी ती ज्याला दुसरीकडे कुठेच जागा नाही अशा शब्दापासून. खटाव आणि फलटण यांना तालुक्यांशिवाय घर नाही. त्यांच्याबरोबर वाई आणि माण गेले की पिवळा गट झाला. वेण्णा हे नाव माणसाचे सहसा नसते, ती नदीच. मग कोयना, सावित्री, गायत्री तिच्यामागे जातात : महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नद्या. (कृष्णा इथे मुद्दाम गाळली आहे. ती घेतली असती तर पाच नद्या झाल्या असत्या आणि कोड्याला दोन उत्तरे आली असती, जे रचणाऱ्याचे पाप मानले जाते.) आता आठ शब्द उरले. त्यांत ऋतू पाच : वसंत, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. उरलेले प्रताप, संतोष, भूषण एकमेकांचे कोण? त्यांच्यापुढे ‘गड’ जोडला की जिल्ह्यातले तीन किल्ले उभे राहतात आणि चौथा, कराड तालुक्यातला वसंतगड, ऋतूंमधून एक शब्द ओढून नेतो.

गणिताने पाहिले तर सोळा शब्दांचे चार-चारचे चार गट २६,२७,६२५ प्रकारे पडू शकतात. एक गट बरोबर लागला की शक्यता ५,७७५ उरतात, दुसरा लागला की ३५. म्हणून पहिला गट घाईने लावू नये.

जांभळ्या गटात अर्थ बहुधा कामाचा नसतो, शब्दाची घडण पाहावी लागते. सातारा, पाचगणी, नऊवारी, एकतारी यांना जोडते ती सुरुवातीची संख्या. पण पहिली दोन नावे बघताच सोडवणारा थंड हवेच्या ठिकाणांच्या किंवा गावांच्या मागे लागतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने विशेषनाम आणि सामान्यनाम दिसायला सारखेच असतात, ही मराठीत कोडे रचणाऱ्याची मोठी सोय आहे. ‘विटा’ हे सांगली जिल्ह्यातले गाव पलूस, जत, तासगाव यांच्याबरोबरही बसते आणि वाळू, खडी, सिमेंट यांच्याबरोबरही.

गावची माहिती लागते हाच या प्रकाराचा दोष. सांगलीकराला हळद आणि बेदाणे शेजारी दिसले की आधी बाजारपेठ आठवेल, तर दुसऱ्याला हळदीबरोबर मेंदी, साखरपुडा, वरात. हे आमिष म्हणून चालते. पण भूषणगड ज्याने ऐकलाच नाही त्याला वरचे कोडे केवळ उरलेल्या शब्दांवरून सुटेल, दुव्यावरून नव्हे. त्यामुळे स्थानिक नावे पिवळ्या किंवा हिरव्या गटात घालावीत आणि जांभळ्यासाठी घरोघरी ठाऊक असलेले शब्दच वापरावेत. वरच्या कोड्यात तो नियम पाळलेला नाही, सातारकरांसाठीच ते असल्याने चालून जाते.