चार्ल्स बर्नला समुद्र हवा होता

१७८३ सालचा मे महिना. लंडनच्या कॉकस्पर स्ट्रीटवरच्या एका खोलीत २२ वर्षांचा एक आयरिश तरुण अंथरुणाला खिळला होता. आपण वाचत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. पण त्याला मरणापेक्षा मोठी धास्ती होती ती मरणानंतरची. शहरातले शल्यवैद्य आपल्या देहावर टपून बसले आहेत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मित्रांकडून वचन घेतलं : मला शिशाच्या शवपेटीत घाला आणि समुद्रात खोल सोडून द्या.

पुढची दोनशेहून अधिक वर्षं त्याचा सापळा लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये काचेच्या कपाटात उभा होता.

जगभरच्या संग्रहालयांत अंगावर काटा आणणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. बरण्यांतली अर्भकं, ओळीनं मांडलेल्या कवट्या, मेणाचे सोललेले चेहरे. त्यांच्याकडे पाहताना पोटात खड्डा पडतो, पण हळूहळू नजर सरावते. चार्ल्स बर्नची गोष्ट कळल्यावर मात्र त्या सापळ्याकडे सरावल्या नजरेनं पाहता येत नाही, कारण त्यानं स्वच्छ शब्दांत ‘नाही’ म्हटलं होतं.

बर्न उत्तर आयर्लंडातल्या एका खेड्यातला. १७८२ साली तो लंडनला आला आणि ‘आयरिश जायंट’ म्हणून गाजला. अडीच शिलिंग मोजून लोक त्याला पाहायला येत. जाहिराती त्याची उंची आठ फुटांच्या वर सांगत. सापळा मोजला तर ती भरते ७ फूट ७ इंच, म्हणजे सुमारे २.३१ मीटर. वर्षभरातच लोकांचं कुतूहल ओसरलं, दारू वाढली. एका गुत्त्यात त्याची सातशे पौंडांची जन्माची पुंजी चोरीला गेली आणि १ जून १७८३ रोजी तो गेला. ग्रीनलंडचे शिकारी देवमाशाला घेरतात तसा शल्यवैद्यांनी त्याच्या घराला वेढा घातला आहे, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रानं लिहिलं.

त्याच्या भीतीला एक पार्श्वभूमी होती. इंग्लंडमध्ये १७५२च्या कायद्यानं खुन्यांना फाशीनंतर विच्छेदनाची शिक्षा जोडली होती. म्हणजे चिरफाड हा गुन्हेगाराच्या वाट्याला येणारा अपमान, आणि बर्नचा गुन्हा एवढाच की तो उंच होता.

जॉन हंटर हा त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला शल्यवैद्य. त्यानं पैसे चारून देह मिळवला. किनाऱ्याकडे नेताना वाटेत पेटीत दगड भरले गेले, असं सांगतात. इकडे हंटरनं घाईघाईनं देह मोठ्या हंड्यात उकळून हाडं वेगळी केली. मग त्यानं काही वर्षं याची कुठे वाच्यता केली नाही. एवढी उठाठेव करूनही बर्न इतका का वाढला, हे त्याला कळलं नाही. कळणार तरी कसं? संप्रेरक, म्हणजे हार्मोन, ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती.

ते कळायला १९०९ साल उजाडलं. हार्वे कुशिंग हा अमेरिकन मेंदूशल्यवैद्य लंडनला आला आणि त्याच्या सांगण्यावरून हंटेरियन म्युझियमचे प्रमुख आर्थर कीथ यांनी बर्नची कवटी उघडली. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाला एक खळगा असतो. वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, त्यात बसते. बर्नच्या कवटीत हा खळगा फार मोठा झालेला होता. ग्रंथीवर गाठ होती आणि वाढता वाढता तिनं हाडालाही मागे सारलं होतं.

या गाठीनं नेमकं काय होतं? वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पातळ चकती असते. तिथे नव्या पेशी तयार होत राहतात, मागच्या पेशींचं हाड बनत जातं आणि उंची वाढते. पीयूषिकेतून येणारं वाढीचं संप्रेरक या कामाला जोर देतं. वयात येताना लैंगिक संप्रेरकांमुळे ती चकतीच हाड होऊन जाते आणि उंची थांबते. गाठ असली की वाढीचं संप्रेरक बेसुमार सुटतं. शिवाय ती उरलेल्या ग्रंथीला दाबते, त्यामुळे लैंगिक संप्रेरकं कमी पडतात आणि चकत्या मिटायच्या लांबतात. चुलीत जाळही जास्त आणि भांडं उतरवायलाही कोणी नाही, अशी गत होते. चकत्या मिटल्यावर गाठ झाली तर उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा रुंदावतात, अंगठी बोटात जाईनाशी होते. डोळ्यांच्या नसा या ग्रंथीच्या अगदी वरूनच जातात, त्यामुळे काहींची कडेची दृष्टी जाते. डोकेदुखी आणि सांधेदुखी असतेच. लोक तिकीट काढून ज्याला पाहायला यायचे, तो माणूस आजारी होता.

कुशिंगनंतर शंभर वर्षांनी मार्टा कोर्बोनित्स या संप्रेरकतज्ज्ञ संशोधिकेच्या गटानं बर्नच्या दोन दातांतून डीएनए मिळवला. २०११ साली त्यांनी जाहीर केलं की, त्याच्या ‘एआयपी’ नावाच्या जनुकात बिघाड होता. नेमका तोच बिघाड उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही रुग्णांतही सापडला, आणि त्या सर्वांचा पूर्वज एकच निघाला, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा. बर्नच्या मुलखात आजही साधारण दीडशे माणसांमागे एकाकडे हा बिघाड आहे. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण घरात असा रुग्ण असेल तर मुलांची रक्ततपासणी करता येते. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रियेनं किंवा औषधांनी तिला आवर घालता येतो आणि मूल इतरांसारखं वाढतं. हे मोल कमी नाही, आणि ते बर्नच्या हाडांतून आलं आहे हे मान्यच करायला हवं.

तरीही मला वाटतं, या उपयोगानं जुनी चोरी धुऊन निघत नाही. बर्नला विचारलं असतं आणि आजच्या त्या मुलांबद्दल सांगितलं असतं, तर कदाचित तो हो म्हणालाही असता. कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी ज्या सापळ्यांवर शिकले, त्यांतले असंख्य सापळे कोलकात्याहून गेलेले होते. १९८५ साली भारतानं ही निर्यात बंद केली. ती माणसं कोण होती, त्यांची काय इच्छा होती, याची नोंद कोणी ठेवली नाही. बर्नचं निदान नाव तरी उरलं. आज देहदानाचा अर्ज भरणारे आजी-आजोबा स्वतःच्या हातानं सही करतात, घरच्यांना समोर बसवून समजावतात. त्या देहाजवळ उभं राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात कृतज्ञता असते, दचकणं नव्हे.

दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद असलेलं हंटेरियन म्युझियम मे २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. बर्नचा सापळा आता लोकांसमोर मांडलेला नाही, पण संशोधनासाठी तो संग्रहालयानं स्वतःकडेच ठेवला आहे. समुद्रात सोडा, ही मागणी अजून पुरी झालेली नाही. ज्या जागी त्याचं कपाट होतं, तिथे जोशुआ रेनॉल्ड्सनं १७८६च्या सुमारास काढलेलं हंटरचं मोठं तैलचित्र लावायचं ठरलं. हंटर टेबलापाशी विचारात गढून बसला आहे. वर उजव्या कोपऱ्यात, चित्राच्या चौकटीनं कापलेले, दोन लांबलचक पाय लोंबताहेत. ते बर्नचे आहेत.